थर्मामीटरच्या अध्यक्षतेखाली

रेवती शिंत्रेच्या उशाशी असलेल्या चार यंत्रांनी एका सोमवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी रीतसर संचालक मंडळ स्थापन केलं आणि थर्मामीटरची अध्यक्षपदी बिनविरोध निवड झाली.

यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. कोल्हापूर भागात चार जण एका जागी फार दिवस राहिले की मंडळ होतंच. शिवाय रेवती स्वतः एका दूध संघाच्या कचेरीत सभांचं इतिवृत्त लिहिणारी. अध्यक्षांनी विचारलं, “सचिव कोण?” तेव्हा तिने अंथरुणातूनच हात वर केला. उठून बसायची सोय नव्हती. पाय जमिनीला लागायच्या आत ताप मोजायचा, असा त्या थर्मामीटरचा नियमच होता.

यंत्रं आणली होती मुलासाठी. लग्नाला सहा वर्षं झालेली. डॉक्टरीणबाईंनी दोघांच्याही तपासण्या केल्या, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, “दोष कुणातच नाही. नेमके दिवस ओळखा, बास.” मग थर्मामीटर आला. लघवीची पट्टी वाचून हसरा चेहरा दाखवणारं यंत्र आलं. झोपेत नाडी मोजणारा मनगटपट्टा आला. लाळेचा ठिपका बघायची बोटाएवढी दुर्बीणही आली. रेवतीला मूल हवं होतं. सासूबाईंना, म्हणजे आत्तींनाही हवं होतं, पण त्यांचं सोडा. रेवतीला स्वतःला हवं होतं. शेजारच्या बाळाची लंगोटी वाळत पडलेली दिसली तरी तिला घास गिळवत नसे.

मंडळाने पहिल्याच सभेत ठरवलं की योग्य दिवस मंडळ जाहीर करील आणि ठरावाशिवाय कोणतीही कार्यवाही होणार नाही. रेवती आणि तिचा नवरा संग्राम हे लाभार्थी सभासद. त्यांना मत नाही.

“म्हणजे आम्ही करायचं काय?” संग्रामने विचारलं. तो हायस्कुलात पीटीचा मास्तर. शिट्टी मारली की चारशे पोरं सरळ रांगेत उभी करणारा गडी, पण घरात त्याचं कोण ऐकतंय!

“अंमलबजावणी,” अध्यक्ष म्हणाले.

इथवर ठीक होतं. घोडं पेंड खायला लागलं ते पुढे. पट्टीयंत्र मंगळवारी हसरा चेहरा दाखवून ठराव मांडायचं, “आजच करावं.” मनगटपट्टा अनुमोदन द्यायचा. अध्यक्ष म्हणायचे, “ताप वाढल्याशिवाय मी सही करणार नाही.” गुरुवारी ताप वाढायचा. मग अध्यक्ष गंभीरपणे सांगायचे, “वाढला. याचा अर्थ वेळ काल होती. विषय पुढील महिन्यावर ठेवण्यात येत आहे.” आणि शास्त्राप्रमाणे त्यांचं एक अक्षर चुकीचं नसायचं, हीच तर पंचाईत!

असे आठ महिने गेले. एकदा टीव्ही बघता बघता संग्रामने बायकोच्या खांद्यावर हात टाकला, तर मनगटपट्टा टुक-टुक करून म्हणाला, “विषयपत्रिकेत नाही.” संग्रामने हात काढून घेतला. रेवतीलाही तेच बरोबर वाटलं, कारण विषयपत्रिकेत खरंच नव्हतं. आता या दोघांना काय म्हणावं? शहाणी माणसं, पण कागदापुढे गोगलगाय.

नवव्या महिन्यात पुन्हा “पुढील महिन्यावर” असं लिहिताना रेवतीचं डोकं सटकलं. तिने वही मिटली, कचेरीत गेली आणि दुपारच्या डब्याच्या वेळी शांतपणे अविश्वास ठराव टाईप केला. मतदान पुढच्या महिन्यातल्या एका सोमवारी होतं आणि मंजुरीला चारपैकी तीन मतं लागणार होती. पट्टीयंत्र अपमानाने आधीच धुमसत होतं. मनगटपट्टा त्याच्या मागे होता. दुर्बीण मात्र कुंपणावर बसलेली, आणि अध्यक्षांनी तिला गादीखाली गाठून उपाध्यक्षपद कबूल केल्याची कुणकुण होती.

“मग आता गं?” संग्रामने विचारलं.

“आता काय, सहल,” रेवती म्हणाली.

ही आपल्याकडची जुनी रीत आहे. अविश्वास ठराव आला की आपल्या बाजूचे संचालक गाडीत घालायचे, लांब न्यायचे, मतदानाच्या दिवशीच परत आणायचे. रेवतीने दूध संघात असल्या चार सहली लावून दिल्या होत्या. तिने तीन खणांचा स्टीलचा डबा घेतला आणि एकेका खणात एकेक संचालक रुमालात गुंडाळून बसवला. संग्रामने शाळेतून दोन दिवसांची रजा काढली. शुक्रवारी सकाळी गाडी आंबोलीकडे निघाली. अध्यक्ष उशीखाली एकटेच राहिले.

आत्तींनी दारातून विचारलं, “अगं, दोघंच निघालाय व्हय?”

“पाच जण आहोत, आत्ती,” रेवती म्हणाली. आत्तींनी डब्याकडे बघितलं आणि मान डोलावली.

आंबोलीच्या लॉजवर दोन खोल्या घेतल्या, कारण संचालकांच्या खोलीत लाभार्थ्यांनी राहिलं तर उद्या दबाव आणला असा आरोप व्हायचा. डबा चार नंबरात ठेवून संग्रामने बाहेरून कुलूप लावलं. पाच नंबरात ही दोघं. बाहेर धुकं इतकं दाट की समोरची आपलीच गाडी दिसेना. दुपारी कोंबडी-वडे हाणले. संग्रामने रश्शाची दुसरी वाटी मागितली, तेव्हा वेटर म्हणाला, “साहेब, ही चौथी.” रेवतीला हसू आलं. हसता हसता ठसका लागला. संग्राम तिची पाठ थोपटायला लागला आणि कुणीही टुक-टुक केलं नाही.

खोलीत आल्यावर दोघं पलंगावर बसून राहिली. करायला काहीच नव्हतं. मोजायला तर त्याहून नव्हतं.

“आज कितवा दिवस?” रेवतीने विचारलं.

“शुक्रवार,” संग्राम म्हणाला.

तिने त्याच्याकडे बघितलं. केस मागे सरकायला लागले होते याचे. कधीपासून? नऊ महिन्यांत तिने आलेख बघितले होते, नवरा बघितलाच नव्हता. तिला एकदम वाईट वाटलं आणि तितकंच बरंही वाटलं.

त्या दुपारचं इतिवृत्त नाही.

सहलीचं राजकारण मात्र पार आपटलं. सोमवारी डबा उघडला तर मनगटपट्ट्याची बॅटरी मेलेली. तो गैरहजर धरला गेला, दोनच मतं पडली आणि अध्यक्ष कायम राहिले. त्यांनी मोठ्या मनाने सूडबुद्धी दाखवली नाही. फक्त दुर्बिणीला कबूल केलेलं उपाध्यक्षपद रद्द केलं.

पुढच्या सभांत एक वेगळीच अडचण उभी राहिली. एरवी पाळीच्या तोंडावर उतरणारा ताप या खेपेला चढला तो उतरेचना. बारा दिवस झाले, पंधरा झाले, अठरा झाले. एकोणिसाव्या सकाळी अध्यक्ष घसा साफ करून म्हणाले, “सचिव, बाहेरून तज्ज्ञ बोलवा.”

तज्ज्ञ म्हणजे कोपऱ्यावरच्या मेडिकलमधली गर्भचाचणीची पट्टी. संग्राम चपला न घालताच जाऊन घेऊन आला. पट्टीला मत नव्हतं, मांडायला मुद्दाही नव्हता. तिने दोन रेघा दाखवल्या आणि गप्प झाली.

रेवतीने संग्रामचा हात घट्ट धरला. पण मंडळात कुजबुज सुरू झाली होती. अध्यक्षांनी नोंदी मागवल्या, मागे मोजत गेले आणि एका शुक्रवारी येऊन थांबले.

“या तारखेला सभा नव्हती,” ते म्हणाले.

“नव्हती,” रेवती म्हणाली.

“ठराव?”

“नाही.”

“म्हणजे हे काम मंजुरीविना झालं आहे.”

रेवतीने वहीतले पोटनियम चाळले. इतकी वर्षं तिने बघितलं होतं. मंजुरीविना बांधलेली शेड पाडतात, मंजुरीविना नेमलेला माणूस घरी पाठवतात. पोटातल्याचं काय करतात हे कुठल्याच पोटनियमात नव्हतं. “साहेब,” ती म्हणाली. नऊ महिने जिने एक काना चुकू दिला नव्हता, तिने वही छातीशी धरली आणि डोळे मिटून घेतले.

थर्मामीटरमध्ये पारा नव्हता, आकडे होते, ते दोनदा विझून पुन्हा लागले.

“आयत्या वेळचा विषय म्हणून घेता येईल,” शेवटी तो म्हणाला. “कार्योत्तर मंजुरी. पण कुणीतरी मांडायला हवा. सूचक कोण?”

पट्टीयंत्र बोलायच्या बेतात होतं, तेवढ्यात संग्राम उभा राहिला. अनवाणी, बनियनवर, पण उभा असा की जणू समोर झेंडा आहे.

“सूचक मी,” तो म्हणाला.

“लाभार्थ्याला मत नसतं,” दुर्बीण म्हणाली.

“मत नसतं,” अध्यक्ष म्हणाले, “सूचक होता येतं. अनुमोदक?”

रेवतीने डोळे उघडले. वही खाली ठेवली.

“मी,” ती म्हणाली. “माझं अनुमोदन आहे.”

ठराव सर्वानुमते मंजूर झाला. तो लिहिता लिहिता तिला रडू फुटलं आणि सही तारखेवर सांडली. मनगटपट्ट्याने ठोके वाढल्याची नोंद घेतली, अध्यक्षांनी आभार मानले आणि सभा संपली.