खिळवून ठेवणाऱ्या पुस्तकांची मधली पानं

वाचनालयातल्या रहस्यकथांच्या कपाटात एकशे चौदा पुस्तकं होती. पैकी एकशे नऊ पुस्तकांत वाचकांनी अभिप्रायाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, आणि त्यांतल्या सत्त्याण्णव चिठ्ठ्यांवर 'शेवटपर्यंत खिळवून ठेवते' असं एकमुखानं लिहिलं होतं. उरलेल्या बारा वाचकांना पुस्तक हातातून खाली ठेववलं नव्हतं. शेवट मात्र एकानंही फोडला नव्हता. रहस्यकथेचा शेवट फोडू नये, हा सुसंस्कृत समाजाचा पहिला नियम आहे. (दुसऱ्याची पत्रं वाचू नयेत, हा बहुधा सहावा.)

दोघी बहिणींतली धाकटी पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत गढूळपणा मोजायची. जे गढूळ असतं ते मोजता येतं, यावर तिचा विश्वास होता. मग खिळून राहणंही मोजता यायला हवं. माणूस वाचतो तेव्हा पानांच्या कडेला हाताचा मळ लागतो, ही गोष्ट निर्विवाद आहे. (वाचनालयाच्या वाचक मंडळातले दाताचे डॉक्टर अपवाद. ते जेवणाआधी आणि वाचनाआधी सारखेच हात धुतात.) तिनं चाळीस पुस्तकं खिडकीशी नेली आणि भिंगाखाली धरली. पहिली तीस पानं काळवंडलेली, शेवटची दहा त्याहून काळी, आणि मधली नुकतीच न्हाऊन आल्यासारखी. म्हणजे खिळा पहिल्या तीस पानांत ठोकला जातो आणि शेवटच्या दहांत उपटला जातो. मधल्या काळात भिंतीवर काहीच टांगलेलं नसतं.

हे संशोधन इथंच थांबलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण तिच्या भाऊजींची, म्हणजे ताईच्या नवऱ्याची, कादंबरी नुकतीच प्रसिद्ध झाली होती.

विमा कंपनीतली नोकरी सांभाळून भाऊजींनी ती तीन वर्षं खपून लिहिली होती. छापील प्रत हाती आली तेव्हा त्यांनी ती मागून उघडली, कारण मलपृष्ठावर त्यांचा फोटो होता. आत जायचं कारण नव्हतं. आत काय आहे ते त्यांना पाठ होतं. वाचक मंडळाच्या बैठकीत तर कौतुकाचा नुसता पाऊस पडला.

"शेवटाला तोड नाही," निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले. "काय शेवट आहे, ते मी सांगणार नाही."

"मला तर बाई पहिल्या पानापासून माहीत होतं, खून कुणी केला ते," शिवणवर्गाच्या बाई म्हणाल्या.

"कुणी केला?" ग्रंथपालांनी विचारलं.

"असं सांगायचं नसतं हो!" बाई म्हणाल्या, आणि सगळ्यांनी ग्रंथपालांकडे रागानं पाहिलं.

भाऊजींच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. त्यांनी तिथूनच छापखान्याला फोन लावला. "दुसरी आवृत्ती काढा. सोमवारी छपाईला घ्या. सगळं मागच्यासारखंच, काही बदलू नका!"

त्याच संध्याकाळी धाकटीनं ताईकडची घरची प्रत तपासायला घेतली. अडतीसाव्या पानापर्यंत कणकेची बोटं होती. पुढं पानांचे आकडे तपासताना तिला शहाण्णवनंतर थेट एकशे सत्त्याहत्तर दिसलं. बांधणीवाल्यानं शेवटची सोळा पानं पुस्तकाच्या मधोमध शिवून टाकली होती. तिथंच एकशे एक्याऐंशीव्या पानावर कथेतल्या डॉक्टरांचा कंपाउंडर खुनाची सविस्तर कबुली देत होता. मग पुढची ऐंशी पानं फौजदार त्यालाच शोधत हिंडत होते, आणि शेवटी ते पंक्चर काढून घेत उभे असताना 'इतक्यात' या शब्दावर पुस्तक संपत होतं. वाचनालयातल्या तिन्ही प्रती तशाच निघाल्या. (धाकटीनं कादंबरी वाचली का, हा प्रश्न इथं गैरलागू आहे. ती मोजत होती.)

"ताई, भाऊजींना सांगतेस तशी तू ही खरंच दोनदा वाचलीस?"

"वाचली की. पहिली अडतीस पानं दोनदा."

"अगं, शेवट मध्ये आलाय. भाऊजींना सांगायला हवं."

"खबरदार! दोनदा वाचूनही हिला कसं दिसलं नाही, असं त्यांच्या लगेच मनात येईल. तो माणूस आठवडाभर जेवायचा नाही."

"आणि दुसरी आवृत्तीही अशीच निघाली तर? लोक हसतील गं त्यांना."

तीन वर्षं नवऱ्याला लिहिताना चहा ताईनंच करून दिला होता. "मग लिहून दे कुठं तरी," ती हळूच म्हणाली. "त्यांचं ते वाचतील, आपलं आपल्यालाच सापडलं असं म्हणतील. तू तोंडानं एक अक्षर काढायचं नाहीस. शपथ आहे माझी."

धाकटीनं चार पानांचा अभिप्राय लिहिला. पहिल्या पानावर लेखकाचं अभिनंदन. दुसऱ्यावर बांधणीची चूक. तिसऱ्यावर पानांचा योग्य क्रम आणि सोमवारच्या आत छापखान्याला कळवण्याची कळकळीची विनंती. चौथ्यावर शुभेच्छा. पानं टाचून तिनं वाचनालयाच्या दाराशी दोरीला टांगली.

मंडळातल्या झाडून सगळ्यांनी तो अभिप्राय वाचला. भाऊजींनी तर उभ्या उभ्या वाचला आणि खिशातून रुमाल काढला.

"मेहुणीबाई, काय लिहिलंयस! शेवट तर थेट काळजाला भिडला."

"आणि मधलं?" धाकटीनं विचारलं.

"मधलं तर उत्तमच!"

सोमवारी दुसरी आवृत्ती छापली गेली. सगळं मागच्यासारखंच.

मंगळवारी धाकटीनं अभिप्राय उतरवून प्रयोगशाळेत नेला आणि चारही पानांवर पेन्सिलीच्या शिशाची पूड भुरभुरवली. पहिल्या पानावर बोटांचे सव्वीस ठसे मिळाले, चौथ्यावर एकेचाळीस. दुसऱ्या आणि तिसऱ्या पानावर एक-एक. ते दोन्ही तिचेच होते.