काजू नामे श्वानाच्या दोन वेळच्या जेवणाची मोहीम

श्रीगजानन प्रसन्न. रत्नागिरी शहरी, खालच्या आळीत, काजू नामे कुत्र्यास दिवसातून किती वेळा वाढावे या प्रश्नावरून जो घोर संग्राम मातला, त्याची हकिकत पुसाल तर घरोघर निराळी सांगतील. सबब जे खरे जाहले ते, कोणाची भीड न धरता, येथे लिहिले असे.

भिकाजी सारंग म्हणजे खासे पुरुष. तीस वर्षे जहाजावर हुकमत केली, तुफानास भीक घातली नाही, आणि मग निवृत्त होऊन घरी आले, तो आपला हुकूम ऐकावयास घरात कोणीच नाही ऐसे ध्यानी आले. चिरंजीव मुंबईस नोकरीवर. घरात पत्नी मथुराबाई, सून मृणाली आणि काजूगराच्या रंगाचा तो कुत्रा. हुकमासरशी उठणारा तो एकटाच. रोज पहाटे जांभ्याच्या पायऱ्या चढून सारंगांसमवेत टेकडीवरच्या देवळापर्यंत कूच करी, आणि तेवढ्यावर सारंगांचा सारा दिवस निभे.

ऐसे असता मार्गशीर्ष मासी एके दिवशी काजूराव विसाव्या पायरीवर मटकन बसले ते उठेचनात. सारंगांनी गोंजारले, दटावले, मग छत्तीस किलोंचा तो ऐवज खांद्यावर घालून घरी आणिला, आणि ओटीवर टेकताच डोळ्यांस पाणी आले ते लपविलेही नाही. जनावरांचे डॉक्टर शुभंकर यांनी फर्मान काढिले की, मागचे गुडघे वजनापायी निकामी होऊ लागले आहेत. आजपासून जेवण दोन वेळा, तेही मोजून. न कराल तर चढण कायमची बंद.

मग सारंगांनी मोहीम आरंभिली, आणि काजूच्या भाताचा टोप खुद्द आपल्या ताब्यात घेतला, आणि वाटीचे माप ठरविले, आणि सकाळी नवास व संध्याकाळी सातास स्वहस्ते वाढू लागले. महिना लोटला. काजूरावांस पुनः तोलिले, तो दीड किलो वाढलेले! डॉक्टर हसले. ते हसू सारंगांस भारी झोंबले, आणि गोटात फितुरी आहे ऐसे त्यांनी ताडले.

मग आदितवारी, सकाळच्या दुसऱ्या चहाचे समयी, ओटीवर दरबार भरविला. मासळीवाली गंगुबाई पाटी उतरून दारात टेकली होती, तीसही रुजू करून घेतले, आणि एकेकीस ग्रामदेवतेची शपथ घालून पुसिले की, दोन वेळांखेरीज काजूस जेवण कोण घालते? मथुराबाईंनी निक्षून सांगितले की आपण नव्हे. दहा वाजता पेज तेवढी देतो, आणि पेज म्हणजे का जेवण? मृणालीनेही शपथेवर सांगितले की आपण नव्हे. चारच्या चहाबरोबर दोन खाऱ्या, ते काय खाणे म्हणावयाचे? गंगुबाई तर उसळलीच. "मी कशाला घालू जेवण? बांगड्याची डोकी टाकतंय रोज, ती काय फेकायचीच असतात!" शपथ कोणाचीच खोटी नव्हती.

ते समयी सारंग ताडकन उभे राहिले आणि गरजले की, फितूर कोण ते आज कळलेच पाहिजे. गरजता गरजता डावा हात ओला लागला. पाहतात तो काय, त्यांच्याच बोटांतले, चहात बुडविलेले कडक बटर काजूराव मिटक्या मारीत खात आहेत! मथुराबाई तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "अहो, हे कितवं?" सारंगांनी कबूल केले की रोजची दोन, बटरास जेवण म्हणतात हे आपणांसही ठाऊक नव्हते. मग दरबार जो हसला, त्याची गणती नाही. सारंग ओशाळले, तरी त्याच पावली हुकूम सोडिला की, काजूच्या तोंडात जे गेले ते जेवण. पेज, खारी, डोके, बटर, कोणासही माफी नाही.

मग काजूरावांनी घरास वेढा दिला. तोफ नाही, तलवार नाही, नुसते डोळे. पण काय त्या डोळ्यांचा मारा! मथुराबाई भिंतीकडे तोंड करून पेज पिऊ लागल्या आणि कळवळून म्हणत, "सकाळपासून धड काय खाल्लान नाही हो माझ्या राजान!" गंगुबाई एकदा चुकून डोके टाकून बसली आणि मग त्याच्या दाढेतून ओढून परत घेतले. "बघू नको मेल्या, माझा जीव तुटतो," म्हणाली. सर्वांत बाका प्रसंग सारंगांवर. चहा आला की काजूराव त्यांच्या गुडघ्यावर हनुवटी टेकीत आणि उसासा सोडीत. त्यास द्यावे तर पाय जातात, न देता आपण खावे तर घास उतरेना. तिसरे दिवशी सारंगांनी बटराची बरणी मृणालीच्या स्वाधीन केली आणि कोरडा चहा घशाखाली लोटिला.

ऐसे दोन महिने निभावले, आणि शिमग्याचे सुमारास काजूराव चार किलो उणे भरले. मग पहाटे पुनः कूच जाहले. काजूराव विसावी पायरी ओलांडून गेले, थेट माथ्यावर पोचले आणि वरून भुंकू लागले. सारंग खाली पायरीवर उभे राहून रडत होते आणि ओरडत होते, "येतो रे, येतो, थांब!"

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. काजू दोन वेळा जेवतो. भिकाजी सारंगही दोनच वेळा जेवतात. त्यांस तसे कोणी सांगितले नव्हते.