मुक्काम वाईत, जेवण महाडात

आमच्या तुकाभाऊजींना भात जास्त वाढला, की ते ताटावर आडवा हात धरून ओरडतात, "ओव्हरलोड! दोघं उतरा!" मग मी थोडा भात परत काढून घेते, तेव्हा कुठे जेवण सुरू होतं.

भाऊजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. सगळी नोकरी मुंबईत एका ऑफिसच्या इमारतीत लिफ्ट चालवण्यात गेली. गावी, उमरठला, वाटेत कुणी भेटलं तरी विचारणार, "वर की खाली?" घाटसुद्धा ते मजल्यांत मोजतात. निवृत्त होऊन घरी आले, थोडे दिवस बसले आणि एकदा सकाळी जाहीर केलं, "जन्मभर वर-खाली केलं. आता आडवा जाणार." सायकल रेल्वेत टाकून थेट ओडिशात पुरीला गेले आणि तिथल्या समुद्रापासून पायडल मारत घरी यायला निघाले.

ते साताऱ्याच्या आसपास आल्याचं कळलं तशी मी स्वागताची कामं वाटून टाकली. हार, पेढे, वाजवायला खालूबाजा, मुंबईच्या मंडळींना निरोप. आणि एका दुपारी हे गृहस्थ सायकलसकट महाडला माझ्याच दारात! आंबेनळी घाट उतरले, पोलादपूरला स्वतःच्या गावाचा फाटा सोडला आणि सरळ पुढे आले.

"भाऊजी, घर मागे राहिलं की!"

"ब्रेक लागला नाय गो, सुमन," ते म्हणाले. "आणि हिला काय बोलू नको."

ही म्हणजे त्यांची बायको, राधावैनी. संध्याकाळी वैनींचा भाऊजींना नेहमीसारखा फोन आला. आमच्या पंख्याखाली बनियनवर बसलेले भाऊजी म्हणाले, "वाईत हाय गो. थंडी मरणाची! दोन गोधड्या घेतल्यात." तेवढ्यात माझ्या कुकरने शिट्टी दिली. "ट्रक गेला," भाऊजी म्हणाले. मग घरामागच्या एसटी डेपोत भोंग्यावरून पोलादपूरची गाडी लागल्याचं पुकारलं. "लांबच्या गाड्या पण सुटतात हितून." मी पदर तोंडात कोंबला.

दुसऱ्या संध्याकाळीही ते वाईतच. "न्हाव्यानं अर्धी दाढी केलीन नि जेवायला गेला, गो! मी तसाच बाजारात!" दाढी त्यांनी सकाळी आमच्या न्हाणीत केली होती, पुरती. पण फोनमधून वैनींचं हसू मला स्वयंपाकघरात ऐकू आलं.

तिसऱ्या सकाळी मी चहा पुढे ठेवला आणि सरळ विचारलं, "भाऊजी, घरी का जात नाही?"

त्यांनी बशी खाली ठेवली. "मुंबईला होतो तेव्हा फोन म्हणजे काय? पैसे पोचले? भात कापला? ठेव. रिटायर होऊन आलो, तर ती चुलीकडं, मी ओटीवर. बोलायला काय नाय. आता निघाल्यापासून रोज सांजच्याला फोन करते. तासभर बोलते. हसते, गो. घरी गेलो की फोन कशाला करेल?"

मग ब्रेक तपासायला म्हणून सायकल काढून दासगावकडे गेले.

मला गोष्टी लोंबकळत ठेवायला आवडत नाहीत. मी वैनींना फोन लावला. "वैनी, एक सांगायचंय. रागावू नका."

"तुझ्याकडं हायत ना?" त्या म्हणाल्या. "आमच्या दूधवाल्यानं बघितलंन त्यांना पोलादपुरात, सायकल महाडकडं वळवताना. आल्या दिवशीच कळलं मला."

"मग दोन दिवस बोलला का नाहीत?"

पलीकडे त्यांनी आधी कोंबड्या हाकलल्या.

"हितं असताना 'भात वाढ' नि 'दार लाव', एवढंच बोलायचे गो," वैनी म्हणाल्या. "आज सांजच्याला महाबळेश्वर सांगतील बघ. मग घाट हाय. तू मधी काय बोलू नको. उतरू दे सावकाश."