नाना खोली बघायला येतात

आमच्या कचेरीतले नाना भाड्याची खोली बघायला गेले, की आधी आत शिरून दार लावून घेत आणि सगळं बळ एकवटून "चोर, चोर" म्हणून ओरडत. मग बाहेर ओट्यावर येऊन बसत आणि किती माणसं धावून आली ती बोटांवर मोजत. घरमालकाला घाम फुटलेला असे. नाना त्याला शांतपणे विचारत, "भाडं कितलं शे?"

खोली त्यांना स्वतःला नको असे. धुळ्याला बदलून आलेला कुठलाही कारकून जागा शोधायला निघाला, की नाना टोपी घालून बरोबर निघत. मोरी कुठे आहे, पत्रा गळतो का, नळ किती वाजता येतो, हे बाकीचे बघत. नाना तिकडे ढुंकूनही बघत नसत. "मोरी बांधता येस भो," ते म्हणत, "शेजारी बांधता येत नही."

मी एकदा विचारलं, "नाना, चोरच का? साप म्हणा, आग म्हणा."

"तुले काही समजत नही. साप म्हटला, की बठ्ठी गल्ली काठ्या घेऊन येते, मजा बघायले. आग म्हटली, की जो तो आपलं घर वाचवायले येतो. चोर म्हटल्यावर जो बाहेर निघतो, तो खरा शेजारी."

त्यांची स्वतःची खोली एका जुन्या गल्लीत होती. अंधारी, भिंतींना ओल, आणि भाडं पस्तीस रुपये. पण चौदा वर्षांपूर्वी तिथे त्यांच्या पहिल्याच आरोळीला तिघं आले होते. कात्री घेऊन शिंपी, तराजूतलं वजन उचलून मारवाडी शेठ आणि मुसळ घेऊन एक म्हातारी अक्का. ही गोष्ट नाना कुणालाही, कधीही सांगत, आणि दर वेळी अक्काचं मुसळ थोडं जाड होई. नानांची बायको लग्नानंतर दोन वर्षांतच गेली होती, मूलबाळ नव्हतं. कचेरीला एवढंच माहीत होतं आणि जास्त विचारावं असं आम्हाला कुणाला वाटलं नव्हतं.

मग माझी पाळी आली. मी एरंडोलकडचा. नवीन लग्न झालेलं, सुशीलाला धुळ्याला आणायचं होतं. पगार एकशे तीस, त्यातले चाळीस घरी जायचे. दोन जागा डोळ्यांसमोर होत्या. एक नानांच्या गल्लीतच, चाळीस रुपयांची. दुसरी नदीपलीकडे, देवपूरच्याही पुढे, शेताच्या कडेला. दोनच खोल्या, शेजारची रिकामी, आणि भाडं सोळा रुपये. महिन्यातले आठ-दहा दिवस मी फिरतीवर, साक्री-पिंपळनेरकडे. सुशीला तिथे एकटी राहणार हे मला कळत होतं. पण चोवीस रुपये मोजता येत होते आणि तिची भीती मोजता येत नव्हती, म्हणून मी ती मागे सारत होतो.

नाना अर्थातच बरोबर आले. दार लावलं, ओरडले, बाहेर येऊन बसले. कुणी आलं नाही. बांधावरची एक शेळी तेवढी मान वर करून आमच्याकडे बघायला लागली.

"शेळी धरायची का हिशेबात?" मी म्हणालो.

नाना हसले नाहीत. "ही घेऊ नको. तू फिरतीवर गया म्हणजे पोर एकटी शे."

"सोळा रुपये आहेत, नाना."

"तरी घेऊ नको."

मी चिडलो. म्हणालो, "तुमच्या मागे कोण आहे? ना बायको, ना घरी पाठवायचे पैसे. तुम्हाला सुचतात असले खेळ." हे बोलायला नको होतं. आज इतक्या वर्षांनीही मला त्याची लाज वाटते. नानांनी टोपी झटकली, डोक्यावर ठेवली आणि ते एकटेच पुलाकडे चालायला लागले.

खोली मी घेतली. पंधरा दिवसांत पिंपळनेरची पाच दिवसांची फिरती लागली. सुशीला म्हणाली, "जा तुम्ही, मी कडी लावून घेईन." ती हसलीसुद्धा, पण पिशवी माझ्या हातात द्यायला तिने फार वेळ लावला. पिंपळनेरला पाचही दिवस माझं कामात लक्ष नव्हतं आणि घास गोड लागत नव्हता.

परत आलो तो दिवस मावळायला आलेला. शेजारच्या खोलीचं कुलूप गेलेलं, दोरीवर धोतर वाळत घातलेलं, आणि उंबऱ्यात बसून नाना स्टोव्हला पिन मारत होते.

"गल्लीत लई गोंगाट शे," माझ्याकडे न बघताच ते म्हणाले. "आठे हवा चांगली. भाडंबी कमी."

चौदा वर्षांत त्या गोंगाटाबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नव्हता. त्यांच्या पाया पडावं असं मला वाटलं, पण मी पिशवी घेऊन तसाच आत गेलो.

सुशीला भाकरी थापत होती. तेवढ्यात भिंतीपलीकडून खोकला आला, मुद्दाम काढलेला. थापणं न थांबवता ती म्हणाली, "आहे, नाना."

"बरं, माय," पलीकडून आवाज आला.

"तासा-तासाला खोकतात," ती मला म्हणाली. "तुम्ही गेलात त्याच दुपारी सामान घेऊन आले. दार कधी वाजवत नाहीत. पण मी ओ दिली नाही, की अंगणात येऊन उभे राहतात."

"भीती नाही वाटली?"

"त्या दुपारपर्यंत वाटली."

मी बाहेर जाऊन म्हणालो, "नाना, आता मी आलोय. तुम्ही निवांत बसा."

"हो, हो. ते शेच," ते म्हणाले आणि पुन्हा स्टोव्हकडे वळले.

आम्ही जेवायला बसलो, आणि भिंतीपलीकडून पुन्हा खोकला आला. या वेळी अगदी लहान, अर्धवट. सुशीलाने माझ्याकडे बघितलं. "मला वाटतं, कुणीतरी उत्तर देतं याची त्यांना आता सवय झालीय," ती हळूच म्हणाली. "तुम्ही द्या आज."

मी हातातला घास ताटात ठेवला.

"आहोत, नाना," मी म्हणालो. "जेवायला या."

पलीकडे स्टोव्हची फरफर थांबली. मग आवाज आला, "हात धुऊन येतो."