बगळेनाना बाळं बघायला येतात

हं, चुळबुळ पुरे. नीट मांडी घालून बसा.

तर बाळांनो, एका जंगलात माशांची पिल्लं वाढवायची योजना आली आणि ती मिळाली यमूताई पाणमांजरीला. पाणमांजर मासे खातं ना, असं विचारू नका. योजना अशाच मिळतात.

पण यमूताईचा जीव जडला हो त्या पिल्लांवर! जिऱ्याएवढी पिल्लं, दोन हौद भरून. त्यांना ती अंड्याचा बलक कुस्करून भरवायची आणि स्वतः खेकड्यांवर भागवायची.

डॉक्टर बेडूक येऊन बजावून गेले. "बाई, खालच्या तळ्यात विषाणूची साथ आहे. मोठ्या माशांना काही होत नाही, ते नुसता रोग बाळगून फिरतात. पण या एवढ्याशा जिवांच्या अंगात अजून कसलीच ताकद नाही. तळ्यातला थेंबही हौदात येता कामा नये."

"नाही येणार," यमूताई म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी बगळेनाना आले. नाना म्हणजे जंगलातले वडीलधारे. कुठे बाळ झालं की बघायला जायचंच, हा त्यांचा नेम. तळ्यातून थेट आलेले, पाय ओलेच.

"नाना, डॉक्टर म्हणालेत की..."

"अगं, जन्मभर त्याच पाण्यात उभा आहे मी. मला काय झालंय?"

आता वडीलधाऱ्यांना नाही कसं म्हणायचं? नाना पहिल्या हौदात उतरले, पिल्लांना तोंडभरून आशीर्वाद दिला आणि चहा पिऊन गेले.

आठवडा उलटायच्या आत त्या हौदातली पिल्लं काळवंडली. जागच्या जागी गरगर फिरायला लागली. मग तळाशी बसली, ती बसलीच. एकही वाचलं नाही. यमूताई काठावर बसून ऊर फुटेस्तोवर रडली.

समाचाराला सगळ्यात आधी कोण आलं असेल? नानाच. पाय ओलेच.

"नशीब गं पोरी, दुसरं काय! चल, उरलेल्यांना तरी डोळे भरून बघू दे." आणि त्यांनी दुसऱ्या हौदाच्या कठड्यावर पाय ठेवला.

यमूताईने त्यांच्या नडगीला कडकडून चावा घेतला.

केवढा गहजब झाला म्हणून सांगू! वडीलधाऱ्यांना चावली! सगळं जंगल जमलं आणि ठरलं, की या उर्मट बाईच्या दारात पाऊल टाकायचं नाही. कुणीही टाकलं नाही. दुसऱ्या हौदातली पिल्लं झकास वाढली.

हातभर झाल्यावर त्यांतली थोरली मासोळी फणकाऱ्याने म्हणाली, "ताई, आमच्या बारशाला तू एकाही पाहुण्याला बोलावलं नाहीस. नाना बिचारे एवढ्या मायेने आले, तर त्यांना चावलीस! आता तळ्यात गेल्यावर आम्ही कुणाला तोंड दाखवायचं?"

यमूताईने मान खाली घातली आणि त्यांना खाद्य टाकलं.

तात्पर्य : वडीलधाऱ्यांचं मन कधी मोडू नये. पिल्लं काय, पुढच्या हंगामात पुन्हा होतात.