नरसय्याअण्णांचे चार टायर

टायर विकत घेण्याआधी तो गालाला लावून पाहणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे शेजारी, नरसय्याअण्णा.

अण्णांचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे. चाळीस वर्षं टॉवेल हाताळून त्यांची पक्की समजूत झाली आहे की जगातली कुठलीही वस्तू आधी चिमटीत धरावी, मग गालाला लावावी आणि शेवटी काट्यावर टाकावी. "माल बोलतो, सर," हे त्यांचं पालुपद. कलिंगड असो की गादी, माल बोलेपर्यंत अण्णा दुकानातून हलत नाहीत. माझ्याशी मात्र आजवर एकही वस्तू बोललेली नाही.

त्यांच्याकडे एक तांबडी गाडी आहे. वीसेक वर्षांपूर्वी कॉलेजची पोरं जिच्याकडे बघून उसासे टाकायची अशी, पळण्यासाठीच जन्मलेली. पुण्याच्या कुणा हौशी पोराकडून अण्णांनी ती घेतली, पण वेगासाठी नव्हे. चादरी-टॉवेलच्या धंद्यात तांबड्या रंगाला मरण नाही, म्हणून घेतली. ती ते तिसाच्या वेगानं चालवतात. एमआयडीसीत कामाला निघालेले सायकलवाले त्यांना हात करून पुढे जातात.

गेल्या महिन्यात या गाडीच्या टायरांना भेगा पडलेल्या दिसल्या. आणि नेमका त्याच वेळी अण्णांच्या एकुलत्या एक मुलीला, पद्माला, सातवा लागला. ती हैदराबादला असते. पहिलं बाळंतपण माहेरी आणि मुलीला आणायला बापानं स्वतः जायचं, ही त्यांच्या घरची रीत. जावई म्हणाले, मी आणून सोडतो. अण्णा ऐकेनात. शेवटी पद्मानं फोनवर निक्षून सांगितलं, "अण्णा, रविवारपर्यंत टायर बदललेत तरच मी त्या गाडीत बसेन. नाहीतर येतच नाही. बाळंतपण इथंच करते."

"सर, तुमी इंग्रजी वाचता की. चला," म्हणत अण्णांनी मला ओढलं. मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. टायरावर लिहिलं होतं १९५/५५ आर १५ आणि पुढे कुठंतरी व्ही. दुकानदार म्हणाला, पहिला आकडा मिलिमीटरचा, दुसरा टक्क्यांचा, तिसरा इंचाचा. एकाच ओळीत तीन मापं! कशाचे टक्के, म्हणून विचारलं तर त्यानं पहिल्या आकड्यावर बोट ठेवलं. मी समजल्यासारखी मान हलवली.

"आणि व्ही?" अण्णांनी विचारलं.

"ताशी दोनशे चाळीसपर्यंत चालतो."

"तिसाचं हाय का? स्वस्त पडंल."

तीन दिवसांत पाच दुकानं झाली. एक म्हणाला, मायलेज बघा. दुसरा म्हणाला, मायलेज सोडा, ग्रिप बघा. तिसरा म्हणाला, जरा रुंद टाका, दिसायला भारी. पहिल्यानं जो टायर कडक म्हणून नावाजला, त्यालाच दुसऱ्यानं कडक म्हणून नावं ठेवली. मी सगळं वहीत टिपून घेत होतो. घरी येऊन वाचलं, तर मलाच अर्थ लागेना.

शेवटचं दुकान सलीमभाईंचं. तिथं अण्णांनी पिशवीतून हुकाचा वजनकाटा काढला. टॉवेलच्या धंद्यात जड तो चांगला, आणि बारीकसारीक खोट असलेला सेकंड माल किलोवर जातो. अण्णांनी मला एकेक टायर उचलून काट्याला अडकवायला लावला, त्यातला सगळ्यांत जड निवडला आणि म्हणाले, "यात सेकंड माल न्हाई का? किलोवर द्या की."

"अण्णा, ये टायर है, टावेल नहीं," सलीमभाई म्हणाले. "भारी मतलब अच्छा नहीं होता इसमें. वो कडक है. चलेगा बहुत, पर धक्का सीधा कमर में."

अण्णांचा चेहरा उतरला. मग त्यांची नजर चार वर्षं पडून राहिलेल्या एका स्वस्त सेटवर गेली. "जुनं बरं, सर. टॉवेल जेवढा जुना तेवढा मऊ."

"रबर का उलटा है," सलीमभाईंनी कपाळाला हात लावला. "पडे पडे कडक होता."

"देवुडा!" असा तेलुगूत देवाचा धावा करून अण्णा स्टुलावर बसले. मला त्यांची दया आली. "अण्णा, भाड्यानं एखादी मोठी गाडी करा ना."

"भाड्याचा डायव्हर हळू नेतंय का, सर?"

अखेर शनिवारी सकाळी टायर बसले. फार नावाजलेल्या कंपनीचे नव्हेत, पण यंदाचे, मऊ आणि चारही एकसारखे. मी हुश्श केलं.

दुपारी अण्णा पुन्हा दारात. "मागं बसा, सर." मी बसलो. त्यांनी पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या माझ्या हातात दिला. "पोटावर धरा." निवृत्तीनंतर माझं पोट बऱ्यापैकी सुटलं आहे. माझी निवड बहुधा त्याच पात्रतेवर झाली असावी.

हैदराबाद रोडनं बोरामणीकडे निघालो. तिसाच्याच वेगानं. मागून ट्रकवाले हॉर्नवरून हात काढत नव्हते. आणि अण्णांचं दर दोन मिनिटांनी सुरू, "लागलं का? सांडलं का?" शेवटी मी वैतागलो.

"अण्णा, पुरे झालं! टायर चांगले आहेत. काही लागलंच तर पद्मा सांगेल की!"

अण्णांनी गाडी कडेला घेतली.

"ती न्हाई सांगणार, सर. लहानपणापास्नं दुखलं तरी बोलत न्हाई पोरगी. तिच्या आईला न बोलता कळायचं. ती आज असती, तर पोरीजवळ मागं बसली असती. हळू घ्या म्हणून मला सांगितली असती." त्यांनी टॉवेलनं तोंड पुसलं. "मला टॉवेल कळतंय. हे कळत न्हाई. तुमी खरं सांगा, कुटं बसला धक्का?"

माझा वैताग कुठल्या कुठे गेला. मला माझीच लाज वाटली. शर्ट पोटावर ओला झाला होता, तो मी इतका वेळ हातानं झाकून बसलो होतो.

"मघाशी, पुलाच्या सांध्यावर," मी म्हणालो. "जरा जोरात बसला."

अण्णांनी गाडी सुरू केली आणि पुढच्या वळणावरून माघारी फिरवली.

"परत घेऊ. तितं किती हळू घ्यायचं ते बघायचंय."

वाटेत एका हॉटेलापुढे मी त्यांना थांबायला सांगितलं, उतरलो आणि तांब्या पुन्हा काठोकाठ भरून घेतला.