शिडीवर शिक्का

सोसायटीचा सेक्रेटरी व्हायला बायकोने परवानगी दिली नाही, म्हणून मी विधानसभेला उभा राहिलो. हे वाचून तुम्हाला हसू येत असेल तर खुशाल हसा. या विषयावर हसून झालेलं नाही असं एकही घर मुलुंडात उरलेलं नाही, तेव्हा तुमच्या हसण्याने माझं जास्तीचं काही नुकसान व्हायचं नाही.

पाणीपुरवठ्याच्या कामात बत्तीस वर्षं इंजिनिअर म्हणून घालवून मी चौऱ्याऐंशीच्या दिवाळीत रिटायर झालो. ऑफिसात होतो तोवर माझ्या सहीशिवाय आमच्या भागात एक पाइप जमिनीत जात नसे. घरी बसल्यावर कळलं, की इथे माझ्या सहीशिवाय सगळंच व्यवस्थित चाललेलं आहे. तरी मी माझ्या परीने हातभार लावला. कुंदाला (म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना) कुकरच्या प्रेशरबद्दल दोन गोष्टी समजावून सांगितल्या, फडताळातले डबे उंचीप्रमाणे लावून दिले, आणि कामवाल्या शकूला फरशी पुसण्याची शास्त्रशुद्ध दिशा खडूने आखून दिली. शकू दुसऱ्या दिवसापासून आली नाही. दिवस दिवस मला कोणी काही विचारत नव्हतं, आणि खरं सांगतो, ते मला फार लागत होतं. माणसाला कुणीतरी काहीतरी विचारावं लागतं हो.

फेब्रुवारीत सोसायटीची निवडणूक निघाली; विधानसभेची तर जाहीर झालेलीच होती. मी म्हटलं, "कुंदा, सेक्रेटरीपदाला उभा राहतोय."

"मुळीच नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांना चहा कोण करणार?"

"मग काय विधानसभेला उभा राहू?"

"राहा की!" तांदळातून मान वर न करता ती म्हणाली.

एवढ्यावर हे थांबलं असतं. पण आमच्या दारात वर्तमानपत्र परत करायला आलेला नंदकुमार सामंत उभा होता. नंदकुमार चौथ्या मजल्यावरचा. त्याला रिटायर होऊन चार वर्षं झाली होती, म्हणजे तो माझ्याहून चार वर्षांनी जास्त मोकळा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो उमेदवारी अर्ज घेऊनच आला.

"सही कर विद्या. सुशिक्षित माणसांनी पुढे यायलाच पाहिजे यार!" (विद्या म्हणजे मी.)

"अरे, मग तू हो ना पुढे."

"मी तुझ्या मागे आहे ना!"

बऱ्याच महिन्यांनी कुणीतरी माझी सही मागत होतं. मी केली.

अपक्षांना उरलीसुरली चिन्हं मिळतात. मला शिडी मिळाली. नंदकुमारच्या अंगात आलं. "झकास! खरी शिडीच घेऊन फिरू. लोकांच्या डोक्यात बसेल." त्याने रंगाऱ्याकडून दहा फुटी लाकडी शिडी आणली. मोठ्या पक्षांचे उमेदवार जीपमधून फिरत होते, आणि आम्ही दोघं साठीला टेकलेले गृहस्थ, पुढचं टोक माझ्या खांद्यावर, मागचं नंदकुमारच्या, 'शिडीवर शिक्का मारा' असं ओरडत पायी निघालो. (पहिल्या दिवशी आम्हाला तिघांनी दर विचारला. दोन खोल्या आणि पॅसेज, ऑइल पेंट.)

प्रचाराचा नारळ गवाणकर चाळीत फोडला. चाळीतली बहुतेक मंडळी कोकणातली, पूर्वी गिरणीत होती, आता कोणी वॉचमन, कोणी प्यून. मी चौकात शिडी टेकवून भाषणाचा कागद काढला आणि म्हणालो, "बंधुभगिनींनो, आपल्या विभागाचा पाणीप्रश्न..."

"सायबानू, भाषाण ऱ्हवांदे," सुगंधाबाई नावाच्या एका जाडजूड बाई कळशी घेऊन पुढे आल्या. "ह्यो नळ दोन वरसां गळता. ह्येका काय झालाहा, ता सांगा."

मी ऐकलं. टप्, टप्, टप्. त्या आवाजाने माझ्यातला उमेदवार संपला आणि इंजिनिअर जागा झाला. "वायसर गेलंय. एवढ्या गळतीने वर्षाला किती पाणी वाया जातं माहिती आहे? सांगतो. समजा मिनिटाला साठ थेंब..."

"मगे घाला वायसर," बाई म्हणाल्या, आणि कुणीतरी माझ्या हातात पाना दिला.

इथे एक कबुली देऊन टाकतो. बत्तीस वर्षांत मी पाना हातात धरला नव्हता. मी नकाशावर सही करायचो, पाना धरायला माझ्या हाताखाली सतरा माणसं होती. पण समोर दोनशे मतदार. मी नळाला पाना लावला आणि जोर केला. नळ फिरला, आणखी फिरला, आणि सबंध माझ्या हातात आला. त्याच्या मागून पाणी आलं. ते समोरच्या गॅलरीत वाळत घातलेल्या पापडांपर्यंत पोचलं. (दुरुस्तीपूर्वी मुख्य व्हॉल्व्ह बंद करावा, हे मी स्वतः लिहिलेल्या सूचनापत्रकातलं पहिलं कलम होतं.)

घाबरून मी पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबला. पाणी थांबलं, पण आता मला हलता येईना. नंदकुमारने ही संधी सोडली नाही. तो शिडीच्या तिसऱ्या पायरीवर चढून ओरडला, "बघा! पाण्याच्या एकेका थेंबासाठी झगडणारा हा माणूस बघा! दुसरा कुठला उमेदवार असा भिजलाय?"

मी अर्धा तास तसाच उभा होतो. शेवटी सुगंधाबाईंचे यजमान दत्ताराम ड्यूटीवरून आले, शांतपणे जिन्याखाली जाऊन व्हॉल्व्ह बंद केला, मग जोडाला लावायचा सफेदा, सुतळी आणि दोन वर्षांपूर्वीच आणून ठेवलेलं वायसर काढून माझ्यासमोर ठेवलं. "आधी व्हॉल बंद करूचो असता, सायबानू," ते म्हणाले. पुढचं सगळं त्यांनी सांगितलं आणि मी केलं. नळ गळायचा थांबला. चाळीने टाळ्या वाजवल्या. आयुष्यात माझ्या कुठल्याच सहीला कुणी टाळी वाजवली नव्हती.

त्यानंतर प्रचाराला काही धरबंधच राहिला नाही. सकाळी दार उघडावं तर बाहेर माणूस उभा. "शिडी घेऊन या ना, गच्चीवरच्या टाकीत काहीतरी मेलंय." "साहेब, बॉलकॉक अडकलाय, टाकी भरून वाहतेय." एका बाईंनी तर नळाचं काही नसताना, शिडी आहेच म्हणून, माळ्यावरचं गणपतीचं मखर खाली काढून घेतलं. मी सगळं केलं. पंधरा दिवसांत माझा हात असा बसला, की नुसत्या आवाजावरून मी वायसरचा नंबर सांगू लागलो. भाषण पुरं करायला मला एकदाही कुणी दिलं नाही. पण लोक मला विचारत होते! पोरंटोरंसुद्धा हाक मारायची. निघताना प्रत्येक घरी म्हणत, "तुमच्यासारखा माणूस नाही हो!" यापेक्षा स्पष्ट कौल कसा असतो?

प्रचार संपला त्या संध्याकाळी मी गणित मांडलं. तीनशे बारा नळ, सत्तावीस टाक्या. दर नळामागे चार मतं, दर टाकीमागे साठ, शिवाय या प्रत्येकाचे दहा-बारा सगेसोयरे. त्यातून फॅक्टर ऑफ सेफ्टी म्हणून निम्मी वजा केली (इंजिनिअर माणूस उगाच हवेत बोलत नाही). निवडून येणं कठीण, पण डिपॉझिट वाचणार आणि तिसरा नंबर नक्की. लोकांना आपण हवे आहोत हे आकड्यात बघायला मिळणार, एवढंच मला पुरे होतं.

मला सदतीस मतं पडली.

अकरा उमेदवारांत मी अकरावा. दहावा आलेला गृहस्थ प्रचार सोडून भाचीच्या लग्नाला सावंतवाडीला गेला होता, त्याला चारशे दोन. बाद मतं एक हजार दोनशे चौदा. म्हणजे शिक्का कुठे मारायचा हे ज्यांना कळलं नाही, त्यांचासुद्धा शिडीवर चुकून पडला नाही.

दोन दिवस मी घराबाहेर पडलो नाही. तिसऱ्या दिवशी नंदकुमारला गाठलं. "नंद्या, निदान तू तरी मला मत दिलंस ना?"

तो खिडकीबाहेर बघायला लागला. "विद्या, खोटं कशाला बोलू? आमच्याकडचं गीझरचं काम तू अर्धंच ठेवलंयस. तू आमदार झालास की ते कोण करणार रे?"

मी तडक गवाणकर चाळीत गेलो. सुगंधाबाईंनी हसत स्वागत केलं, पाट दिला, गुळाचा चहा केला.

"तुमका पाडूचा म्हणान आमी चाळीत मिटिंग घेतलेली," दत्ताराम अभिमानाने म्हणाले. "एकमतान ठराव झालो."

"पण का? मी काय वाईट केलं तुमचं?"

"वायट?" सुगंधाबाईंच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. "आमदार झाल्यार कोण परत दिसता, सायबानू? मागचो एकदा मत मागूक इलो, तो गेलोच. तुमच्यासारखो माणूस आमका घालवूचो नाय. आता इलासच हास तर मोरीतलो नळ बघशात?"

मी बघितला. जोडावर सुतळी गुंडाळता गुंडाळता विचार करत होतो. लोकांनी प्रेमापोटी पाडलं हे समजल्यावर त्यांच्यावर रागावता येईना. पण मग एक वेगळीच गोष्ट मनात आली. सदतीस मतं. एक माझं, एक कुंदाचं. मग उरलेली पस्तीस कुणाची? सगळा मुलुंड स्वतःच्या नळापुरता बघत असताना, मला सभागृहात पाठवावं असं वाटलेली पस्तीस माणसं या गावात होती. ज्यांना माझ्या पान्याशी कर्तव्य नव्हतं. ज्यांना मी हवा होतो तो माझ्या विचारांसाठी. मला एकदम हलकं वाटलं. घरी येऊन कागद घेतला आणि सोसायटीच्या फळ्यावर लावायला मजकूर लिहायला बसलो: 'त्या पस्तीस अनामिक, सुजाण मतदारांस...'

कुंदा मागून वाचत होती. "कशाला कागद नासताय? नावं हवीत तर मी देते."

"तुला काय माहीत?"

"आमच्या भजनी मंडळातल्या बायका आहेत त्या. मीच सांगितलं होतं सगळ्यांना. एकेकीच्या घरी जाऊन."

मी पेन खाली ठेवलं. ही माझी बायको, तीन आठवडे एक अक्षर बोलली नाही, आणि गुपचूप माझा प्रचार करत होती! "कुंदा, तुला माझ्याबद्दल एवढी खात्री होती?"

"खात्री कसली? अहो, निवडून आला असतात तर अधिवेशनाला गेला असतात. हिवाळ्यात तर नागपूरला! महिनाभर घर जरा माझ्या ताब्यात आलं असतं."

मी कागदाची घडी घातली. "बरं, ते तुझं झालं. पण त्या पस्तीस जणींना माझ्या नागपूरचं काय पडलं होतं?"

"सगळ्यांचे यजमान रिटायर झालेत ना," कुंदा म्हणाली. "म्हणाल्या, आधी तुझे जातात का बघू. गेले तर पुढच्या वेळी आम्हीही आमचे उभे करू."